रिकाम्या टेम्पोची हवा, भरल्या टेम्पोची हवा

पिकअप पेट्रोल पंपावर हवेच्या नळीजवळ येऊन थांबते. पोरगा विचारतो, ‘किती मारू?’ ड्रायव्हर केबिनमधूनच सांगतो, ‘चारीला पन्नास.’ दोन मिनिटांत काम उरकतं आणि गाडी निघते. हौद्यात काय आहे, किती आहे, आणि गाडी आत्ता दहा किलोमीटर पळून आली आहे की रात्रभर उभी होती, हे पोराने विचारलं नाही आणि ड्रायव्हरने सांगितलं नाही. हवेचा आकडा मात्र याच गोष्टींवर ठरतो.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात ज्यांची पिकअप, छोटा हत्ती किंवा दोस्त पोटासाठी पळते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. या गाड्यांचं काम असं की एका बाजूने भरून आणि दुसऱ्या बाजूने रिकामी, अशीच फेरी बहुधा होते. जुन्नर-नारायणगावकडून फुलं आणि भाजी भरून पहाटे दादरला यायचं आणि उन्हं चढायच्या आत मोकळ्या गाडीने परत फिरायचं. देवगड-रत्नागिरीहून रात्रभर आंबा आणायचा आणि जाताना हौद्यात नुसत्या रिकाम्या पेट्या आणि दोरखंड. लालबागच्या मिरची गल्लीतून मसाल्याची पोती घेऊन शहरभर दुकानांत उतरवत जायचं, म्हणजे दर थांब्याला वजन कमी. गिरगावातल्या चाळीच्या दुरुस्तीचं डेब्रिज टाकून यायचं. आणि श्रावण लागला की पेणहून मूर्ती. एकच गाडी दिवसातून दोन-तीन वेगवेगळ्या वजनांची होते, आणि टायरमधली हवा मात्र महिनाभर एकच राहते.

आधी हे नीट समजून घेऊ की वजन टायर उचलत नाही, टायरमधली हवा उचलते. रबर आणि आतली तार हवेला धरून ठेवतात, एवढंच. म्हणून एका साध्या भागाकाराने बरंच काही कळतं. चाकावरचं वजन भागिले हवेचा दाब, म्हणजे रस्त्याला टेकलेला टायरचा भाग. टायरची भिंतही थोडं वजन पेलते, त्यामुळे उत्तर तंतोतंत येत नाही, पण अंदाज चांगला येतो.

एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील. पिकअप रिकामी असताना मागच्या एकेका चाकावर ३२५ किलो येतात आणि पूर्ण माल भरल्यावर ८२५ किलो, असं समजा. ६० पौंड, म्हणजे गेजवरचे ६० पीएसआय, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.२ किलो पेलतात. भरलेल्या गाडीचं मागचं चाक तेवढ्या हवेत जवळपास १९५ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतं. हे ठीक आहे. तेच चाक ३६ पौंडांवर ठेवून गाडी भरली, तर टेकलेली जागा ३२५ चौरस सेंटिमीटरच्या वर जाते. म्हणजे टायर बसला. दर फेऱ्याला त्याची भिंत दुमडते आणि सरळ होते, आणि या दुमडण्यातून उष्णता तयार होते. मे महिन्यात दुपारी भरल्या गाडीचा मागचा टायर फुटतो तेव्हा आपण उन्हाला आणि रस्त्याला दोष देतो. बहुतेक वेळा खरं कारण सकाळी कमी असलेली हवा हेच असतं.

आता उलट बाजू. ६० पौंड भरलेली गाडी माल उतरवून रिकामी झाली. चाकावर ३२५ किलो राहिले, हवा तेवढीच. टेकलेली जागा ७७ चौरस सेंटिमीटर. त्याच रिकाम्या गाडीत ३६ पौंड असते तर ती १२८ चौरस सेंटिमीटर, साधारण एका पोस्टकार्डाएवढी, राहिली असती. ब्रेक मारताना मागच्या चाकाची जी काही पकड असते ती एवढ्याच जागेवर असते. रिकाम्या पिकअपचं मागचं टोक उडतं, खड्ड्यातून आपटतं, आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर ब्रेक लावला की कडेला सरकतं, त्यात कडक हवेचा मोठा वाटा असतो.

पण हे दोन धोके सारखे नाहीत. भरलेल्या गाडीत हवा कमी असेल तर टायर फुटू शकतो. रिकाम्या गाडीत हवा जास्त असेल तर पकड कमी होते आणि टायर मधोमध झिजतो. पहिल्यात माणूस जातो. दुसऱ्यात ड्रायव्हरने वेग आवरला, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं तर निभावून नेता येतं. म्हणून माझं सरळ मत आहे: ज्या दिवशी गाडी भरायची आहे त्या दिवशी सकाळी, थंड टायरमध्ये, दिवसातल्या सर्वांत जड फेरीची हवा भरा. प्रत्येक फेरीला हवा काढत-भरत बसू नका, ते कुणाच्याने होत नाही आणि त्यात चूकच जास्त होते. मात्र गाडी पुढचे चार-सहा दिवस रिकामीच किंवा किरकोळ मालावर फिरणार असेल, तर मागची हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणा. पावसाळ्यात तर हे आवर्जून करा.

हा आकडा आणायचा कुठून? ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की दाराच्या चौकटीवर एक पाटी चिकटवलेली असते. नसेल तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत तक्ता असतो. त्यात पुढच्या चाकांचा आकडा वेगळा, मागच्यांचा वेगळा, आणि बऱ्याच मालगाड्यांसाठी रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडेही वेगळे दिलेले असतात. शेजारच्या टेम्पोवाल्याचा आकडा, टायरवाल्याचा आकडा, चुलत्याच्या जुन्या मॅटाडोरचा आकडा यातलं काहीही या पाटीच्या जागी चालत नाही. सेकंड हँड गाडीवर पाटी रंगाखाली गेलेली असते आणि पुस्तिका तर पहिल्या मालकाकडेच राहते. अशा वेळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचं नेमकं मॉडेल आणि टायरचा साइज सांगून आकडे लिहून घ्या, आणि ऑइल पेंटने केबिनच्या आत सनव्हायझरखाली मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. बदली ड्रायव्हर आला तरी त्याला विचारावं लागत नाही.

या तक्त्यात एक गोष्ट लक्षात येईल. पुढच्या चाकांचा आकडा रिकाम्या आणि भरल्या गाडीत फारसा बदलत नाही. इंजिन, केबिन, ड्रायव्हर, क्लीनर यांचं वजन पुढे कायमच असतं, आणि हौद्यातल्या मालाचा फार मोठा भाग मागच्या अ‍ॅक्सलवर जातो. म्हणून ‘चारीला सारखी’ हवा पिकअपला जवळजवळ कधीच बरोबर नसते. रिकामी असेल तर बहुधा मागचे फार कडक होतात, भरलेली असेल तर मागचे फार मऊ पडतात.

पाटीवर दोनच टोकं असतात, आपला माल मात्र बहुतेक वेळा अधलामधला. तेव्हा सरळ हिशेब करा. समजा पाटीवर मागच्या चाकांना रिकाम्या गाडीत ३६ आणि भरल्या गाडीत ६० लिहिलंय, आणि गाडीची मालाची क्षमता १,२०० किलो आहे. फरक २४ पौंडांचा, म्हणजे दर शंभर किलोला दोन पौंड. ६०० किलो भरलेत तर ४८. ९०० किलो भरलेत तर ५४. टायरची वजन पेलण्याची क्षमता हवेच्या अगदी सरळ प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे हा हिशेब गरजेपेक्षा किंचित जास्तच हवा सांगतो. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते. फक्त पाटीवरच्या रिकाम्या आकड्याच्या खाली कधी जायचं नाही आणि टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर कधी जायचं नाही.

खरी अडचण हवेची नसून वजनाच्या अंदाजाची आहे. आपल्याकडे माल नगावर मोजतात: चाळीस पोती, साठ पेट्या. त्यामुळे नगाचं वजन तोंडपाठ हवं. सिमेंटची गोणी ५० किलोची. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, पण लोखंड धरून तो तीस किलोच्या आसपास जातो. पाण्याचा वीस लिटरचा जार वीस किलोंहून जास्तच. पाच डझन हापूसची लाकडी पेटी, गवत धरून, साधारण वीस किलो. म्हणजे साठ पेट्या बाराशे किलो, आणि वर ‘अजून दहा टाक रे’ म्हटलं की दोनशे किलो चढले. झेंडूची पोती हाताला हलकी लागतात, पण फुलं ताजी राहावीत म्हणून पाणी मारलेलं असतं आणि ताडपत्रीखाली ते पाणी टिकतं. दसऱ्याच्या आदल्या रात्री आलेली गाडी दिसते त्याहून जड असते. डेब्रिजचंही तसंच. कोरड्या विटा-माती-प्लास्टरच्या गोण्या पावसात दोन रात्री फुटपाथवर राहिल्या की वजन वाढतं.

सर्वांत मोठा घोटाळा रेतीत होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि तेवढी रेती साधारण साडेचार टन भरते. ‘अर्धा ब्रासच तर आहे’ म्हणून जी पिकअपमध्ये ओतली जाते ती सव्वादोन टनांच्या पुढे गेली. बाजारातल्या बहुतेक पिकअपची क्षमता याहून बरीच कमी आहे. असा माल कितीही हवा मारली तरी त्या गाडीचा नव्हे.

पहिल्यांदा नवा माल भरत असाल तर एकदा वजनकाट्यावर जा. पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या. त्या दोन पावत्यांवरून तुमच्या मागच्या अ‍ॅक्सलवर नेमकं किती येतं ते कळतं, आणि पुढे वर्षभर तोच माल भरताना अंदाज करावा लागत नाही. खर्च थोडा आहे, आणि माझ्या मते गाडीवर होणाऱ्या सगळ्या खर्चांत हा सर्वांत उपयोगी.

गणपतीच्या दिवसांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण परळ-लालबागमध्ये त्या दिवसांत जी गाडी मिळेल ती मूर्तीला लागते. मंडळं मूर्तीचं वजन विचारतात, पाटाचं विचारतात, हौद्यात चढणाऱ्या पोरांचं धरत नाहीत. बारा जण चढले तर सरासरी पासष्ट किलोंनी ७८० किलो झाले, म्हणजे छोट्या गाडीची जवळपास सगळी क्षमता मूर्तीआधीच संपली. मालगाडीच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्यातही बसत नाही. मूर्ती जड नसली तरी उंच असते, त्यामुळे गाडी डुलते, आणि मागचे टायर मऊ असतील तर हे डुलणं वाढतं. म्हणून वजन कमी वाटलं तरी मूर्तीच्या फेरीला मागच्या दोन्ही टायरांत भरल्या गाडीची हवा ठेवा, आणि डाव्या-उजव्या चाकात एका पौंडाचाही फरक राहू देऊ नका. विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर महापालिका वाळूत लोखंडी प्लेटा टाकते, गाडी त्यांवरूनच न्या. वाळूत रुतू नये म्हणून हवा कमी करायची युक्ती मोकळ्या जीपला चालते. भरलेल्या पिकअपने हवा कमी करून बाहेर पडायचं आणि तशीच लालबागपर्यंत यायचं, हे टायरला सोसत नाही.

आता थंड आणि गरम टायर. पाटीवरचा आकडा नेहमी थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे, किंवा फार तर दोन किलोमीटर हळू चालली आहे. चालत्या गाडीत टायर तापतो आणि आतली हवा फुगते. ६० पौंडांच्या टायरचं तापमान २० अंशांनी वाढलं तर गेज सुमारे ५ पौंड जास्त दाखवतं. ही वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेली असते. शिवडीवरून अटल सेतूवर चढलात, २१.८ किलोमीटर न थांबता चाललात, पुढे पेणच्या वाटेवर चहाला थांबून गेज लावलं आणि ६५ दिसले म्हणून पाच पौंड सोडले, तर तुम्ही भरल्या गाडीचा टायर ५५ वर आणून ठेवलात. गरम टायरची हवा काढायची नाही, कधीच नाही. गरम टायर पाटीच्या आकड्याला किंवा त्याच्या खाली दिसत असेल तर तो थंड असताना आणखी कमी होता, हे समजा. आकड्याच्या चार-पाच पौंड वर भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना नीट लावून घ्या.

उलट थंडीचंही असंच होतं. मुंबईत हिवाळा नावालाच, त्यामुळे आपण विसरतो. डिसेंबरात संध्याकाळी ३० अंशांत दादरला हवा भरली आणि पहाटे नारायणगावात १० अंशांत माल भरायला गाडी लावली, तर ६० पौंडांचे ५५ झालेले असतात. माल चढवण्याआधी तिथे एकदा गेज लावा. टायरमधून काही गळती नसली तरी महिन्याला एक-दोन पौंड आपसूक कमी होतातच, म्हणून रोज पळणाऱ्या गाडीची हवा आठवड्यातून एकदा तरी बघायला हवी.

गेज स्वतःचं घ्या. ऑपेरा हाउसच्या बाजूला गाडीच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे चांगलं डायलचं गेज मिळेल. ते शंभर-सव्वाशे पौंडांपर्यंत मोजणारं घ्या. मोटारकारसाठीचं गेज बऱ्याचदा ५०-६० वर संपतं, ते आपल्या कामाचं नाही. पंपावरच्या नळीचं गेज दिवसभर आपटून-आपटून किती खरं सांगतं याचा भरवसा नसतो. हवा फुकट देणं हे पेट्रोल पंपावर बंधनकारक आहे, तेव्हा ‘टाकी भरली तरच’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. नायट्रोजनसाठी पैसे मोजावेत का, हे बरेच जण विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू गळतो, एवढाच फायदा. रोज दुसऱ्या गावी जाणाऱ्या गाडीला तो सगळीकडे मिळतही नाही. त्यापेक्षा ज्याच्या कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढलं जातं असा टायरवाला धरून ठेवा. पावसाळ्यात त्या टाकीत पाणी फार साचतं आणि ते हवेबरोबर टायरमध्ये जातं.

पावसाबद्दल एक चुकीची समजूत घट्ट बसली आहे: हवा थोडी कमी केली की पकड वाढते. चिखलात किंवा वाळूत याला काही अर्थ आहे, साचलेल्या पाण्यात उलट होतं. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर अभ्यास केला, तेव्हा दिसलं की टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमूळाबरोबर वाढतो. ३६ पौंडांना तो ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो, २५ पौंडांना ८३. म्हणजे हवा कमी केली की गाडी लवकर तरंगते. शहरात आपण इतक्या वेगाने जात नाही, पण सेतूवर आणि महामार्गावर जातो. पावसात पकड देते ती योग्य हवा आणि टायरच्या खोबणी. खोबणीच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांना टेकला की १.६ मिलिमीटर उरले, टायर बदलायची वेळ झाली. गोटा झालेला टायर रिकाम्या पिकअपच्या मागे असणं ही जुलैमधली सर्वांत वाईट जोडी आहे.

हिंदमाताला पाणी भरलं की त्यातून गाडी घालू नका, एवढंच म्हणेन. सेंट झेवियर मैदान आणि प्रमोद महाजन कला पार्कखाली महापालिकेने साठवण टाक्या बांधल्यापासून तिथे फरक पडला आहे, पण मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की अजूनही धीर धरावा लागतो. गेलाच असाल तर बाहेर आल्यावर टायरची आतली भिंत, जी उभ्याने दिसत नाही ती, हात फिरवून बघा. पाण्याखालच्या फुटलेल्या कडेने चीर पडली असेल तर ती भरल्या गाडीखालीच उघडते.

जास्त माल भरण्याच्या बाबतीत लोक दोन उपाय करतात, आणि दोन्ही घातक आहेत. पहिला, हवा आणखी वाढवणे. टायरच्या भिंतीवर एका चाकाला कमाल किती किलो आणि त्यासाठी थंड असताना किती पौंड, हे कोरलेलं असतं. त्याच्या वर हवा नेऊन क्षमता वाढत नाही. भिंत ताणली जाते आणि खड्ड्यात टायर किंवा रिम जाते. दुसरा उपाय, पाटे वाढवून घेणे. एक-दोन पाटे जास्त टाकले की गाडी बसत नाही, दिसायला सगळं ठीक. पण टायर तेच, त्यांची क्षमता तीच. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला एक ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. माल भरून गाडी खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त जोर देतो, रिकामी असताना कमी देतो, म्हणजे मागची चाकं जाम होत नाहीत. पाटे वाढवले की भरलेली गाडीही उंचच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते, आणि मागचे ब्रेक नेमके जड मालात कमी लागतात. पाट्यांना हात लावला असेल तर हा व्हॉल्व्ह जाणकार मेकॅनिककडून पुन्हा जुळवून घ्या, आणि शक्य असेल तर जादा पाटे काढून टाका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालाला वीस हजारांचा दंड आणि वर दर जादा टनामागे दोन हजार आहेत. जादा माल रस्त्यातच उतरवायचा खर्च वेगळा. तेवढ्या पैशात मागच्या टायरांचं काम निघतं.

टायर बदलताना पैसे वाचवायला मोटारकारचे टायर बसवू नका. साइज जुळतो, म्हणून दुकानदारही देतो. मालगाडीच्या टायरवर साइजबरोबर ‘एलटी’ किंवा ‘सी’ लिहिलेलं असतं आणि प्लाय रेटिंग असतं, छोट्या गाड्यांत बहुधा ८. कारच्या टायरची कमाल हवा बहुतेक ४४ किंवा ५१ पौंड असते. त्यात भरल्या पिकअपची ६० मारणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. साइजनंतरचा आकडा वजनाचा निर्देशांक असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०१ म्हणजे ८२५, १०२ म्हणजे ८५०. दोन आकडे तिरप्या रेघेने लिहिले असतील तर पहिला एकेरी चाकाचा आणि दुसरा जोडचाकांचा. जोडचाकांच्या मोठ्या टेम्पोत आतल्या टायरची हवा बघायचा कंटाळा करतात, आणि आतला मऊ पडला की सगळं वजन बाहेरच्या एकट्यावर येतं.

आपली हवा खरंच बरोबर आहे का, हे बघायची एक जुनी रीत आहे. नेहमीचा माल भरून गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा. मागच्या टायरवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, खडूने दोन बोटं रुंद आडवी रेघ ओढा. गाडी सरळ रेषेत पंधरा-वीस मीटर हळू पुढे घ्या, वळण न देता, आणि उतरून बघा. रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली असेल तर हवा जुळली. मधेच पुसली आणि दोन्ही कडांना खडू तसाच राहिला, तर हवा जास्त आहे. कडा पुसल्या आणि मधे पांढरं राहिलं, तर कमी. आताचे रेडियल टायर थोडी चूक लपवतात, म्हणून हा निकाल पाटीच्या वरचा मानू नका. पण पाटीप्रमाणे हवा ठेवूनही रेघ वेडीवाकडी पुसली जात असेल तर वजनाचा तुमचा अंदाज चुकतो आहे किंवा माल हौद्यात चुकीच्या जागी आहे. जड माल केबिनच्या बाजूला, मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे बसला पाहिजे. फाळक्याजवळ जड माल ठेवला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं, आणि ते कुठल्याही हवेने सुधारत नाही.

एक इशारा फार महत्त्वाचा. भरल्या गाडीचा टायर ठरलेल्या हवेपेक्षा वीस टक्के किंवा त्याहून जास्त खाली जाऊन पळला असेल, म्हणजे ६० च्या जागी ४८ किंवा कमी, तर तो पंक्चर झालेला टायर समजा. त्याच्या भिंतीतले धागे आतून तुटलेले असू शकतात. त्यात नळी लावून थेट ६० मारली तर भिंत बाजूने फाटते, आणि समोर बसलेल्या पंक्चरवाल्या पोराच्या तोंडावर फाटते. टायर रिमवरून उतरवून आतून बघायला लावा. आत काळी भुकटी पडली असेल, भिंत मऊ किंवा सुरकुतलेली असेल, तर तो टायर गेला. बरा निघाला तरच भरायचा, आणि भरताना कुणीही चाकाच्या समोर बसायचं नाही, बाजूला उभं राहायचं.

स्टेपनीत नेहमी सर्वांत मोठा आकडा ठेवा, म्हणजे भरल्या गाडीच्या मागच्या चाकाचा. पुढे लावायची वेळ आली तर हवा काढता येते. कशेडीच्या पलीकडे रात्री दोनला, हौद्यात आंबा असताना, ती भरायला मात्र कुणी सापडत नाही. आठवड्याची हवा बघताना पाचवं चाक विसरू नका, व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते बघा, आणि टोपी घट्ट बसवा. जुन्या स्टेपनीच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्काही वाचा. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे: ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेला, खोबणी नव्यासारख्या असलेला टायरही वर्षानुवर्षं ऊन-पावसात गाडीखाली लटकून कडक होतो, भिंतीवर बारीक भेगा पडतात. तशा भेगा दिसल्या तर माल भरण्याआधी ती स्टेपनी बदलून घ्या.